बहादरपूरची लूट आणि इंग्रजांची ‘लूट’

माणसाप्रमाणे शब्दही परमुलखात जातात. माणसाला समुद्रापार जावयाचे तर जहाजाचे भाडे हवे, परवाना हवा, पलीकडे कोणी ओळखीचे हवे. शब्दाला कोणाच्या तरी जिभेवर जागा मिळाली की पुरते. आपल्याकडून इंग्रजीत गेलेल्या शब्दांपैकी शाल, बंगला, चटणी, पायजमा हे शब्द वस्तूंच्या सोबतीने गेले. व्यापाऱ्याने माल नेला आणि मालाबरोबर त्याचे नावही नेले. परंतु ‘लूट’ हा शब्द कोणत्याही गाठोड्यात बांधून गेलेला नाही. तो एका कृतीचा शब्द आहे आणि सैनिकांच्या तोंडून तो गेला. इंग्रजीत त्याने पाऊल ठेवले ते छावणीतल्या बाजारबोलीतला शब्द म्हणून. प्रतिष्ठित कोशांनी त्याला पंक्तीला बसवून घेण्यास बराच काळ लावला. पुढे त्याने तेथे जे संसार थाटले, जे वेष पालटले, त्यांची हकिकत मनोरंजक आहे आणि काहीशी अस्वस्थ करणारीही आहे.

ती हकिकत आम्ही येथे सांगणार आहोत. मात्र तिचा आरंभ लंडनच्या कोशकारापासून न करता तापीकाठच्या बहादरपुरापासून करावा असे आम्हांस वाटते. इंग्रजी शब्द बहादरपुराहून गेला असे आमचे म्हणणे मुळीच नाही. परंतु लूट म्हणजे काय, ती करणाऱ्याला कशी दिसते आणि सोसणाऱ्याला कशी दिसते, हे दोन्ही बाजूंनी पाहावयाचे असेल तर मराठी माणसाने बहादरपुरास जावे. कारण तेथे लुटणारे आपण होतो.

बुऱ्हाणपूर आज मध्य प्रदेशात आहे. २००३ साली खंडवा जिल्ह्यापासून वेगळा होऊन त्याचा स्वतंत्र जिल्हा झाला. पण खानदेशच्या फारुकी सुलतानांची ही राजधानी. मराठी, हिंदी, उर्दू, निमाडी आणि अहिराणी या साऱ्या बोली येथे एका बाजारात नांदत आल्या आहेत. १६०१ साली अकबराने जवळचा असीरगड घेतला आणि तेव्हापासून हे शहर मोगलांचे दक्षिणेतील मुख्य ठाणे झाले. १६१५ साली इंग्लंडचा वकील सर टॉमस रो जहांगिराच्या दरबाराकडे जाताना येथे शाहजादा परवेझाला भेटला. १६३१ साली मुमताजमहल येथेच वारली. फ्रेंच जवाहिऱ्या ताव्हेर्निये याने येथील तलम कापडाची वाखाणणी केली असून, ते कापड इराण, तुर्कस्तान, अरबस्तान, कैरो, इतकेच काय पण रशिया-पोलंडपर्यंत जात असल्याचे नमूद केले आहे. दक्षिणेतून उत्तरेस जाणारा आणि सुरतेहून आग्र्यास जाणारा मालही याच वाटेने जाई. अशा शहराच्या तटाबाहेर पुरे वसतात, आणि पुरा जितका मोठा तितका तो तटाच्या आधारापासून दूर जातो.

बहादरपूर हा असाच एक पुरा होता. फारशी इतिहासकार खाफीखान याने ‘मुंतखब-उल्-लुबाब’ या ग्रंथात त्याचे अंतर शहरापासून दीड कोस दिले आहे. तेथे सराफ होते, सावकार होते, देशोदेशीचा माल आणि जडजवाहीर यांची रेलचेल होती, असे तो म्हणतो. १६८१ च्या जानेवारीत रायगडावर संभाजी महाराजांचा राज्याभिषेक झाला. त्याला पंधरवडा लोटतो न लोटतो तोच मराठी फौज बहादरपुरावर येऊन कोसळली. खाफीखान या स्वारीचे नेतृत्व खुद्द संभाजी महाराजांकडे देतो, तर मराठी इतिहासकार सरसेनापती हंबीरराव मोहिते यांचे नाव घेतात. फौज इतक्या अकस्मात आली की कोणालाही एक दाम वाचविता आला नाही, की बायकामुलांना हलविता आले नाही. मोगलांचा नायब काकरखान याने पुऱ्यांतून उठणारे धुराचे लोट पाहिले. पण बाहेर पडण्याइतके बळ त्याच्यापाशी नव्हते. त्याने शहराचे दरवाजे लावून घेतले आणि तो तट राखीत बसला. बहादरपुराखेरीज आणखी सतरा पुरे जळाले. तीन दिवस लूट चालली होती. जमिनीत पुरलेले, घरधन्यालाही ठाऊक नसलेले द्रव्य खणून काढण्यात आले. मग फौज चोपड्याच्या वाटेने साल्हेरच्या किल्ल्याकडे निघून गेली, आणि पाठलागावर आलेला खानजहान बहादूर उशिरा पोचला.

आपल्या इतिहासाच्या पुस्तकांत या प्रसंगाला ‘बुऱ्हाणपूरची लूट’ म्हणतात. सुरतेची लूट, बुऱ्हाणपूरची लूट हे शब्द उच्चारताना आपला स्वर खाली जात नाही. तसा तो जाण्याचे कारण नाही असेही पुष्कळांचे मत आहे, आणि त्या मताला आधार आहे. ज्या सत्तेशी युद्ध चालले होते तिच्या तिजोरीवर हा घाला होता. १६७९ साली औरंगजेबाने पुन्हा बसविलेला जिझिया याच शहरातून वसूल केला जात होता. शिवाय मराठ्यांची लूट म्हणजे बेबंद झोंबाझोंबी नव्हती. शिवछत्रपतींनी घालून दिलेली शिस्त सभासदाने बखरीत नोंदविली आहे. दसऱ्यानंतर फौज मुलूखगिरीस निघे तेव्हा प्रत्येकाजवळच्या चीजवस्तूंची यादी होई. परत आल्यावर झाडा घेतला जाई, आणि यादीपेक्षा जे जास्त निघेल ते सरकारजमा होई. सोने, रुपे, जडजवाहीर, भारी कापड यांवर शिपायाचा हक्क नव्हता. बायका आणि मुले धरू नयेत, गाई आणू नयेत, अशी सक्त ताकीद होती. स्वराज्याच्या हिशेबात लूट ही एक जमेची बाब होती, आणि जमेला जो हिशेब लागतो तो तिलाही लागे.

हे सारे खरे धरूनही खाफीखानाचे वाक्य मागे उरतेच. अब्रूच्या भयाने कित्येक प्रतिष्ठित गृहस्थांनी आपल्या बायकांचा स्वतःच्या हाताने अंत केला, असे तो लिहितो. तो शत्रुपक्षाचा लेखक होता आणि मराठ्यांविषयी त्याला ममता नव्हती, हे लक्षात घेऊन त्यातून काही वजा करावे. परंतु शिस्तीचा कागद रायगडावर असतो आणि पेटलेले घर बहादरपुरात असते, एवढे तर कोणासही नाकारता येणार नाही. ज्या सराफाचे दुकान गेले त्याला ते द्रव्य सरकारजमा झाले की शिपायाच्या कमरेला गेले, याने काय फरक पडला असेल?

लुटीनंतर बुऱ्हाणपूरचे उलेमा व प्रतिष्ठित मंडळी यांनी औरंगजेबाकडे गाऱ्हाणे नेले. आमचे वित्त गेले, अब्रू गेली, आणि असेच चालावयाचे तर शुक्रवारची नमाजही बंद राहील, असा त्याचा आशय होता. बादशहाने खानजहानाची कडक शब्दांत कानउघाडणी केली आणि आपण स्वतः दक्षिणेत येत असल्याचे कळविले. शाहजादा अकबर बंड करून संभाजी महाराजांच्या आश्रयास आला होता, हे बादशहाच्या येण्याचे मोठे कारण खरे. पण बुऱ्हाणपूरचे गाऱ्हाणेही त्याला जोडलेले होते. १६८१ च्या नोव्हेंबरात तो बुऱ्हाणपुरात दाखल झाला, पुढल्या वर्षी औरंगाबादेस गेला, आणि पुन्हा उत्तरेत परतला नाही. १७०७ साली त्याचा देह नगरजवळ पडला. बहादरपूरची धग अशी सव्वीस वर्षे पुरली.

आता शब्दाकडे वळू. संस्कृतात ‘लुण्ट्’ हा धातू आहे. त्यापासून निघालेली क्रिया हिंदी, गुजराती, मराठी या सर्व भाषांत नांदते, आणि गोमंतकातल्या कोंकणीत ती ‘लुटप’ या रूपाने नांदते. पण मराठीत या शब्दाला जितकी अंगे फुटली आहेत तितकी इतरत्र क्वचितच फुटली असतील. ‘लुटारू’ हा निंद्य, ‘लुटालूट’ ही बेशिस्त, आणि ‘लुटुपुटीची लढाई’ हा निव्वळ पोरखेळ. विजयादशमीला आपण गावाची शीव ओलांडतो आणि आपट्याची पाने आणून सोने लुटतो. मुलूखगिरीस निघण्याचा तो जुना दिवस. फौजा गेल्या, मुलूखगिरी गेली, पण त्या दिवसाची लूट पानांच्या रूपाने राहिली. बोरनहाणात चिमुकल्याच्या डोक्यावरून ओतलेली बोरे, चुरमुरे, रेवड्या भोवतालची पोरे लुटतात. ती वेचता वेचता एकमेकांच्या अंगावर पडतात आणि घरातली वडील माणसे कौतुकाने पाहत राहतात.

याहून नवलाची गोष्ट संक्रांतीची. हळदीकुंकवाला आलेल्या बायकांना घरची सवाष्ण वाण देते, आणि या देण्याला आपण ‘वाण लुटणे’ म्हणतो. म्हणजे लुटणे या एकाच क्रियापदाचा अर्थ बळाने घेणे असाही होतो आणि हात राखून न ठेवता देणे असाही होतो. सुख लुटावे, आनंद लुटावा, हरिनामाची लूट करावी, असे कीर्तनकार सांगतो तेव्हा घेतल्याने काहीच कमी होत नाही अशा धनाविषयी तो बोलत असतो. ज्या समाजाने लूट केली आणि जो समाज स्वतःही वारंवार लुटला गेला, त्याने त्या शब्दातला दाह असा सणावारांत निववून घेतला असावा, असे आम्हांस वाटते.

इंग्रजांच्या घरी शब्दांची वाण नव्हती. ‘पिलेज’, ‘स्पॉइल’, ‘बूटी’ हे जुने शब्द त्यांच्याजवळ होतेच. ‘प्लंडर’ हा शब्दही त्यांनी उसनाच आणला होता. सतराव्या शतकात जर्मनीत तीस वर्षे युद्धाचा वणवा पेटला होता तेव्हा तेथून तो आला, आणि राजा व पार्लमेंट यांच्या यादवीत इंग्लंडभर पसरला. १६६४ साली शिवछत्रपतींनी सुरत लुटली तेव्हा जॉर्ज ऑक्झिंडेन आणि त्याचे सोबती वखारीची दारे लावून तिचे रक्षण करीत होते. त्या प्रसंगाची त्यांची पत्रे असल्याच जुन्या शब्दांत लिहिलेली आहेत. आपला ‘लूट’ शब्द त्यांच्या लेखणीत यावयास अजून शंभराहून अधिक वर्षे जावयाची होती.

तो प्रथम आला तो एका विचित्र रूपात. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात हैदर आणि टिपू यांच्याशी इंग्रजांची युद्धे जुंपली. इंग्रजी फौजेच्या आगेमागे घिरट्या घालणारे, रसद मारणारे, पिछाडीच्या बैलांवर झडप घालून नाहीसे होणारे हलके घोडेस्वार यांना काय म्हणावे हे गोऱ्या शिपायाला कळेना. त्याने आपल्या बाजारातल्या नोकराचाकरांच्या तोंडून ऐकलेला शब्द उचलला आणि त्यांना ‘लूटी’ किंवा ‘लूटीवाला’ असे नाव दिले. त्या युद्धांच्या इंग्रजी वृत्तांतांत हे नाव अनेकदा भेटते. वाचकांनी येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. इंग्रजीत आधी रुळला तो लुटणारा, आणि तो लुटणारा दुसऱ्याच्या फौजेतला होता. १७८८ साली लंडनमध्ये हिंदुस्थानी शब्दांचा एक लहानसा कोश छापला गेला, त्यात ‘लूट’ हा शब्द अर्थासह आला. इंग्रजी कोशकार त्याची पहिली नोंद म्हणून हीच नोंद दाखवितात.

मग इंग्रज स्वतः लुटीत तेव्हा त्या कृतीला ते काय म्हणत? त्यासाठी त्यांच्याजवळ कायद्यातला एक खानदानी शब्द होता, ‘प्राइझ’. शत्रूकडून रणात मिळविलेले द्रव्य तत्त्वतः राजाचे, आणि राजाच्या कृपेने ते फौजेत वाटावयाचे. त्यासाठी प्रत्येक मोहिमेत ‘प्राइझ एजंट’ नेमले जात. ते माल गोळा करीत, लिलाव पुकारीत आणि दर्जाप्रमाणे वाटे घालीत. सरसेनापतीला लाखांचा, शिपायाला मूठभराचा. १७९९ च्या मे महिन्यात श्रीरंगपट्टण पडले त्या रात्री शिपायांनी शहर मनसोक्त धुतले. दुसऱ्या दिवशी कर्नल आर्थर वेलस्ली याने काहींना फासावर आणि काहींना फटक्यांवर चढवून ती धुमाकूळ थांबविली. त्यानंतर टिपूचा खजिना हिशेबाने वाटला गेला. पहिली ती गुन्हेगारी, दुसरी ती वाटणी. हाच वेलस्ली १८०३ साली असईला शिंदे-भोसल्यांशी लढला, आणि पुढल्याच महिन्यात कर्नल स्टीव्हन्सनच्या फौजेने बुऱ्हाणपूर व असीरगड घेतले. बहादरपुराने एकशे बावीस वर्षांनी दुसऱ्या एका जमाखर्चाची फौज पाहिली.

या जमाखर्चाची खरी ओळख पुण्याला झाली. १८१७-१८ च्या युद्धात पेशवाई बुडाली आणि पुणे, नागपूर, महिदपूर या ठिकाणचे द्रव्य इंग्रजांच्या हाती आले. त्याला ‘डेक्कन प्राइझ’ असे नाव पडले. ते कोणाचे, लॉर्ड हेस्टिंग्जच्या मोठ्या फौजेचे की सर टॉमस हिस्लॉपच्या दख्खनच्या फौजेचे, हा वाद लंडनमध्ये वर्षानुवर्षे रेंगाळला. आमच्या पदरचे द्रव्य कोणी न्यावे यावर दोन सेनापती भांडत होते, आणि ज्यांचे ते होते त्यांची त्या वादात गणतीच नव्हती.

त्यांतला एक जण मात्र न्यायालयाची पायरी चढला. किंबहुना त्याच्या मागे राहिलेल्यांनी ती चढली. नारो गोविंद औटी हा पेशव्यांच्या पदरचा मातबर गृहस्थ. इंग्रजांचा अंमल पुण्यात बसल्यावर त्याला अटक झाली आणि त्याच्या घरचे द्रव्य नेण्यात आले. त्याच्या मृत्यूनंतर इस्टेटीचा व्यवस्थापक अमीरचंद बद्रीचंद याने खुद्द माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टनवर मुंबईच्या सुप्रीम कोर्टात दावा लावला. मुंबईच्या न्यायाधीशांनी निकाल अमीरचंदाच्या बाजूने दिला. अपील विलायतेस प्रिव्ही कौन्सिलपुढे गेले, आणि १८३० साली तो निकाल फिरला. ही जप्ती युद्धातले शत्रुकृत्य आहे, म्हणून मुलकी न्यायालयाला तिचा विचारच करता येत नाही, असे ठरले. ‘एल्फिन्स्टन विरुद्ध बद्रीचंद’ हा खटला वकिलांना आजही ठाऊक असतो. आमच्या दृष्टीने त्यातली मर्माची गोष्ट शब्दाची आहे. ज्या घटनेला पुण्याच्या बाजारात कोणीही एका अक्षराचा विचार न करता ‘लूट’ म्हटले असते, तिला निकालपत्रात नाव मिळाले ‘जप्ती’. शब्द बदलला आणि त्याबरोबर दाद मागण्याची जागाही गेली.

पण शिपाई काही कायद्याचा शब्द वापरीत नव्हता. हिंदुस्थानात पंधरा-वीस वर्षे काढलेला गोरा शिपाई ‘लूट’ हाच शब्द बोले, आणि आता स्वतःच्या कृतीविषयी बोले. हा बदल कोणी ठरवून केलेला नव्हता. परक्याला हिणविण्यासाठी उचललेला शब्द सोपा होता, एका झटक्यात उच्चारता येत होता, आणि तो परका असल्याने त्याला घरच्या शब्दाची टोचणी नव्हती. मातृभाषेत ‘मी चोरी केली’ म्हणावयास जीभ अडखळते. उसन्या शब्दात तीच गोष्ट गमतीसारखी सांगता येते. बाजारबोलीचे सारे बळ याच सोयीत आहे, असे आम्ही समजतो.

१८५७-५८ साली या शब्दाचे दैव उघडले. दिल्ली पडल्यावर प्राइझ एजंटांनी घरोघरच्या भिंती ठोठावून, फरशा उखडून पुरलेले द्रव्य काढले. बहादरपुरात जे घडले होते तेच दिल्लीत घडले; मात्र आता त्याच्या पावत्या होत्या. लखनौचा कैसरबाग लुटला जाताना ‘टाइम्स’चा बातमीदार विल्यम रसेल तेथे हजर होता, आणि त्याने तो देखावा आपल्या रोजनिशीत सविस्तर उतरविला. झाशीची लूट पाहणारा माणूस आपला होता. कुलाबा जिल्ह्यातल्या वरसईचे विष्णुभट गोडसे द्रव्यार्जनासाठी उत्तरेत गेले होते ते झाशीत अडकले. आधी सोने-नाणे, मग तांब्यापितळेची भांडी, मग कपडालत्ता, मग धान्य, अशी पाळीपाळीने झालेली लूट त्यांनी ‘माझा प्रवास’ या पुस्तकात लिहून ठेविली. भारताचार्य वैद्यांनी ते पुस्तक १९०७ साली प्रसिद्ध केले. बहादरपूरच्या एखाद्या सराफाने असे लिहून ठेविले असते तर ते पुष्कळसे गोडसेभटजींच्या हकिकतीसारखेच वाचले गेले असते, असे म्हणण्यास हरकत नाही.

१८८६ साली यूल आणि बर्नेल यांनी आपला ‘हॉब्सन-जॉब्सन’ हा प्रसिद्ध कोश काढला. हिंदुस्थानी इंग्रजीत जुना असलेला ‘लूट’ हा शब्द १८४१ चे चीनचे युद्ध, क्रिमियाचे युद्ध आणि १८५७ चा उठाव यांच्या दरम्यान इंग्लंडात हळूहळू रुजला, आणि आता इंग्रजी बाजारबोलीच्या कोशात त्याला हक्काची जागा मिळाली आहे, असे त्यांत सांगितले आहे. तीन युद्धे आणि एक शब्द! भाषेच्या इतिहासात शब्दाच्या आगमनाची वेळ इतक्या नेमकेपणाने तोफांच्या आवाजाशी जुळलेली क्वचितच आढळते.

शब्दाचे पुढचे स्थलांतर थेट राजवाड्यात झाले. १८६० च्या ऑक्टोबरात इंग्रज आणि फ्रेंच फौजांनी पेकिंगजवळचा चिनी बादशहाचा उन्हाळी राजवाडा लुटला, आणि मग लॉर्ड एल्जिनच्या हुकुमाने तो जाळण्यात आला. दोन वर्षांनी हाच एल्जिन हिंदुस्थानचा व्हाइसरॉय होऊन कलकत्त्यास आला. त्या लुटीत कॅप्टन डन नावाच्या अधिकाऱ्याला एक लहानसे चिनी कुत्रे सापडले. १८६१ साली त्याने ते व्हिक्टोरिया राणीला नजर केले. त्या कुत्र्याचे नाव ठेवण्यात आले ‘लूटी’! मैसूरच्या रानात गोऱ्या शिपायाची झोप उडविणाऱ्या घोडेस्वाराचे नाव राणीच्या गादीवर लोळणाऱ्या कुत्र्याला लाभले. एका चित्रकाराने त्याचे चित्रही काढले. १८७२ साली ते कुत्रे मेले. कोणी याला विनोद म्हणेल. आम्हांस त्यात एवढेच दिसते की लुटीची लाज वाटेनाशी झाली की ती लाडाचे नाव होऊन बसते.

विसाव्या शतकात शब्दाची धार आणखी बोथट झाली. अमेरिकेच्या बाजारबोलीत ‘लूट’ म्हणजे नुसता पैसा. दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारास हा अर्थ छापील मजकुरात दिसू लागला, आणि त्यात कोणाकडून काही हिसकावल्याची छटाही उरली नाही. तेथील पलटणीत ‘लेफ्टनंट’ या हुद्द्याचे तुकडे करून त्यालाही ‘लूट’ म्हणत. पण हा नुसता ध्वनीचा योगायोग आहे, आपल्या शब्दाशी त्याचे नाते नाही. लग्नात आलेले आहेर, नाताळच्या भेटी, यांनाही इंग्रज माणूस हसत हसत ‘लूट’ म्हणतो. कॅनडात मुलांच्या वाढदिवसाला आलेल्या पाहुण्या पोरांना खाऊची पिशवी देतात, तिला ‘लूट बॅग’ म्हणतात. बोरनहाण पाहिलेल्या आपल्या माणसाला ते नाव परके वाटू नये. अलीकडे संगणकावरच्या खेळांत पैसे भरून उघडावयाची बंद पेटी निघाली आहे. आत काय आहे हे उघडेपर्यंत कळत नाही. तिला ‘लूट बॉक्स’ म्हणतात. २०१८ साली बेल्जियमच्या अधिकाऱ्यांनी अशा पेट्या जुगारात मोडतात असा निर्णय दिला. येथे पेटी उघडणारे पोर स्वतःला लुटारू समजते. खिसा मात्र त्याच्याच बापाचा रिकामा होतो.

असा हा प्रवास. आता कोणी विचारील की दोन्ही भाषांनी एकच केले नाही काय? आपण लुटीला सण केले, इंग्रजांनी तिला लाडके कुत्रे आणि वाढदिवसाची पिशवी केले. बाह्यतः साम्य आहे, आणि ते मान्य करावे. फरक आम्हांस एका ठिकाणी दिसतो. मराठीत शब्द कितीही सौम्य झाला तरी त्याचा मूळ अर्थ त्याच्या शेजारीच उभा राहिला. आपट्याचे पान देताना ‘सोने लुटले’ म्हणणारा माणूस दुसऱ्याच दिवशी ‘सावकाराने आम्हांस लुटले’ असे म्हणतो, आणि दोन्हींत त्याला शब्द बदलावा लागत नाही. इंग्रजीत मात्र कामे वाटली गेली. गंभीर कृत्याला ‘प्राइझ’ आणि जप्ती हे कायद्याचे शब्द राहिले, आणि ‘लूट’ हा शब्द एक तर दुसऱ्याच्या दंग्याला लागला, नाही तर स्वतःच्या गमतीला. स्वतःच्या कृत्याला तो गंभीरपणे लावण्याची पाळी त्या भाषेवर फार उशिरा आली. देशोदेशीच्या वस्तुसंग्रहालयांतल्या वस्तू मूळ धन्यांना परत द्याव्यात की नाही, हा वाद आज तेथे चालू आहे. त्या वादात तोच शब्द पुन्हा आपल्या पहिल्या अर्थाने उच्चारला जातो. त्यात टिपूच्या राज्यातून गेलेल्या वस्तू येतात, पेकिंगहून गेलेल्या येतात, आफ्रिकेतल्याही येतात. शब्दाने परदेशी जे विस्मरण कमावले होते ते असे व्याजासह परत द्यावे लागत आहे.

परंतु इंग्रजांचा हिशेब मांडताना आपली वही बंद ठेवणे योग्य होणार नाही. मराठी इतिहासात लुटीचे समर्थन करावयाचे तर तिचे कारण सांगावे, शिस्त सांगावी, परिणाम सांगावा. ते सांगण्यासारखे आहेही. बुऱ्हाणपूरच्या तिजोरीवर घातलेला घाला हा एका तरुण राज्याने बलाढ्य साम्राज्याशी मांडलेल्या झुंजीचा भाग होता, आणि त्या झुंजीबद्दल कोणास लाज बाळगण्याचे कारण नाही. मात्र बहादरपूर म्हणजे तिजोरी नव्हे. तो एक पुरा होता, त्यात माणसे राहत होती, आणि त्यांनी आपल्या घरात काय पुरून ठेविले होते हे त्यांच्या मुलांनाही ठाऊक नव्हते. त्यांचे नाव आमच्या बखरीत नाही आणि खाफीखानाच्या ग्रंथातही नाही. औटीच्या वारसाला निदान उभे राहण्यास न्यायालय मिळाले, झाशीच्या घरांना गोडसेभटजींची लेखणी मिळाली. बहादरपूरकरांच्या वाट्याला, बादशहाकडे गेलेल्या प्रतिष्ठितांच्या गाऱ्हाण्यातली एक ओळ आली.

आज बुऱ्हाणपुराला जाणारा मराठी प्रवासी असीरगड पाहतो, मुमताजमहलच्या आठवणीची जागा पाहतो, खानखानान याने १६१५ च्या सुमारास बांधविलेला कुंडी भंडारा पाहून त्या जलयोजनेची तारीफ करतो. बहादरपूर त्याच्या यादीत क्वचितच असते. ते तेथेच आहे, शहराच्या शेजारी. इतिहास वाचणाऱ्या आमच्या वाचकांनी तेथेही घटकाभर जावे, आणि ‘लूट’ हा आपला शब्द त्या मातीवर उभे राहून एकदा उच्चारून पाहावा. सोने लुटण्याच्या दिवशी तो जसा गोड लागतो तसा तो तेथे लागणार नाही. आणि दोन्ही चवी ज्याच्या जिभेला ठाऊक आहेत त्यानेच या शब्दाविषयी इंग्रजांना जाब विचारावा.